शाळेतली जादा चक्कर

शेखर गुरुजींनी गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर खडूने दोन ओळी लिहिल्या, हात झटकले आणि मोटारसायकलला लाथ मारून ते शहापूरला घरी निघून गेले. ओळी साध्याच होत्या. "शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात जलचक्र. सर्व पालकांनी अगत्याने उपस्थित राहावे." अक्षर वळणदार, शुद्धलेखन बिनचूक. चूक काढायला जागाच नव्हती, म्हणून तर पुढचं सगळं झालं.

गाव उंबरशेत, किन्हवलीच्या अलीकडे, माळाला टेकून बसलेलं. पावसाळ्यात इथे एवढा पाऊस कोसळतो की बेडकांनाही सर्दी होते. आणि एप्रिल लागला की विहिरीतले मासे पोहायचं सोडून चालायला लागतात. एक मासा तर चालत चालत किन्हवलीच्या बाजारापर्यंत गेला होता म्हणे. पण त्याला कुणी विकत घेतलं नाही, फार दमलेला दिसत होता. धरणं सगळी तालुक्यातच आहेत. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच्या वाटेत उंबरशेत येत नाही. उंबरशेतला येतो तो जगदीशचा टँकर. दिवसाआड येतो, विहिरीत पाणी ओततो आणि निघून जातो. मग बाया काठावर वाकून तेच पाणी दोराने वर ओढतात. टँकरच्या या फेरीला गावात चक्कर म्हणतात. "आज चक्कर झाली काय?" हा इथला रामराम आहे.

तर फळ्यापुढून शेळी घेऊन चालली होती ठमीकाकी. ठमीकाकीला वाचता येतं. तरुणपणी साक्षरतेच्या वर्गात ती कंदिलाच्या उजेडात वाचायला शिकली. तिच्या वयाच्या बाकीच्या बायांनी पाटी परत केली. काकीने नाही केली. तेव्हापासून दिसेल ते ती वाचते. एसटीच्या पाट्या, खताच्या गोणी, औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं. गावातल्या म्हाताऱ्यांना कोणती गोळी कधी घ्यायची हे डॉक्टर सांगतो, पण खरं ते काकीने वाचल्यावरच ठरतं.

तिने फळा वाचला. परत वाचला. शेळीही थांबली.

"काय लिवलंय गो काकी?" मागून शेजारची रंजना आली.

काकीने सावकाश फोड केली. जल म्हणजे पाणी. हे तर बाटल्यांवरही लिहिलेलं असतं. चक्र म्हणजे चक्कर, गुरुजी शिकलेले, ते शुद्ध लिहिणार. शाळेच्या पटांगणात म्हणजे विहिरीत नव्हे. आणि सगळ्यांनी यायचं म्हणजे रिकाम्या हाताने यायचं नाही, एवढं कुणालाही कळेल.

"शनवारी टँकरची जादा चक्कर हाय," काकी म्हणाली. "शाळेत. पाइप सरळ हंड्यात सोडनार. कुनाला सांगू नको."

रंजनाने शपथेवर कबूल केलं, आणि दिवेलागणीच्या आत उंबरशेतमध्ये ही गोष्ट माहीत नसलेला प्राणी एकच उरला, तो म्हणजे शेखर गुरुजी.

आता काकीच्या मनात त्या पाण्याची एवढी गोडी का, तेही सांगायला हवं. रविवारी तिच्या लेकीची, रेश्माची हळद होती. आटगावकडचं स्थळ, चांगली माणसं, आणि नळाच्या गावची. हळदीला दोन्हीकडचे पाहुणे यायचे होते. पाहुणा भात कमी पडला तर हसून घेतो, पण हात धुवायला पाणी नाही म्हटलं की तीच गोष्ट पुढच्या पिढ्यांना सांगत बसतो. काकीने महिनाभर थेंब थेंब वाचवून मांडवाच्या कोपऱ्यात एक पिंप भरून ठेवलं होतं. त्यावर गोधडी, गोधडीवर पाट आणि पाटावर सासरेबुवांचा फोटो, म्हणजे कुणी झाकण उघडायला धजणार नाही. ते पिंप पुरणार नव्हतं हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच फळ्यावरची अक्षरं तिला एवढी सुंदर दिसली.

तरीही एखाद्याने शंका काढली असती. पण रात्री रंजनाचा अजय जेवता जेवता म्हणाला, "आई, शनवारी शाळेत मी पानी वर नेनार." अजय चौथीत. रंजनाला वाटलं, पोरगं शहाणं झालं, टेकाडावरच्या घरापर्यंत हंडा न्यायला मदत करतंय. तिने त्याच्या भातावर जास्तीची आमटी वाढली. अजयने आमटी संपवून आणखी एक माहिती दिली, की पाणी सूर्य नेतो. रंजनाला वाटलं, कुणीतरी सूर्या असेल, टँकरवाला. झालं. आता तर नावही मिळालं.

शुक्रवारी उंबरशेतने इतकं पाणी वापरलं की विहीरसुद्धा बघत राहिली असेल. उद्या ताजं येणार, मग शिळं कशाला ठेवायचं? मालूने घरातल्या सगळ्या गोधड्या धुतल्या. कुणी म्हैस धुतली, कुणी म्हशीचा खुंटाही. धर्माने तर होळीनंतर पहिल्यांदाच डोक्यावरून आंघोळ केली आणि तो असा गोरा निघाला की त्याचाच कुत्रा त्याच्यावर भुंकला. आणि काकी? काकीने सासरेबुवांचा फोटो उतरवला, हात जोडले आणि पिंप उघडलं. अंगण सारवलं, हळदीची मोठी भांडी घासली, वड्यांचे तांदूळ धुतले आणि उरलेल्या पाण्याने रेश्माला न्हायला घातलं. पिंप उपडं करून ठेवताना तिच्या मनात शंकेची पालही चुकचुकली नाही. स्वतः वाचलं होतं तिने.

गावात एक भिमी तेवढी बधली नाही. भिमी काकीच्याच वयाची, समोरासमोर दार. पाटी परत करणाऱ्यांतली पहिली. "मला वाचता नाय येत," ती म्हणाली, "म्हनून पानी डोल्यांनी दिसल्याबिगर मी हंडा रिता नाय करत." तिने आपला भरलेला हंडा झाकून घरात ठेवला. काकी नुसती हसली. अडाण्याशी काय बोलायचं?

त्याच दुपारी न्हालेला धर्मा किन्हवलीला गेला. एवढा गोरा होऊन घरी बसण्यात अर्थ नव्हता. चहाच्या टपरीवर त्याला टँकरवाला जगदीश भेटला. धर्माने चहा फुंकत सांगितलं, "उद्या आमच्याकडं शालंत दुसऱ्याची चक्कर हाय. डायरेक हंड्यात."

जगदीशने बशी खाली ठेवली. उंबरशेतची लाइन त्याची. तीन उन्हाळे त्याने त्या रस्त्याचे खड्डे पाठ केले होते. "कोनाची चक्कर?"

"सूर्या का कोन तो. पोरं बोलत होती."

"कुठला सूर्या?"

ते धर्माला माहीत नव्हतं, पण माहीत नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. तो म्हणाला, "मुरबाडचा असंल."

जगदीशचं तोंड चहा न पिताच कडू झालं. मुरबाडवाले इकडे घुसले? ठेकेदाराने न सांगता लाइन दुसऱ्याला दिली? तो उठला आणि म्हणाला, मग उद्या आपण येतच नाही, त्या सूर्यालाच विहिरीतही ओतू दे. धर्माने हा निरोप रात्री घरोघर पोचवला, तोही आनंदाने. जगदीश नाही आला तर काय बिघडलं? शाळेत येणारच आहे.

शनिवारी शेखर गुरुजी पटांगणात शिरले आणि मोटारसायकलवरच थिजले. गेल्या पालकसभेला एक शेळी आली होती, तीही खिचडीच्या वासाने. आज अख्खं गाव. फाटकापासून झेंड्याच्या खांबापर्यंत आणि खांबापासून मुतारीपर्यंत माणसं, आणि माणसांपुढे हंडे, कळशा, बादल्या, तेलाचे डबे, कुणाचा तर मुलाचा पाळणासुद्धा, आत प्लॅस्टिक घातलेलं. रांगेच्या तोंडाशी ठमीकाकी. तिच्यापुढे लग्नाचं उपडं केलेलं पिंप पुन्हा उताणं झालेलं.

आपल्या विज्ञानासाठी लोक घरून साहित्य घेऊन आले, असा गुरुजींचा समज झाला. ते वर्गात जाऊन तोंडावर पाणी मारून आले. शाळेच्या माठातलं ते शेवटचं पाणी होतं, हे त्यांना नंतर कळलं.

"सुरू करू या," ते म्हणाले. "फक्त मला एक भरलेला हंडा हवाय. आहे कुणाकडे?"

सगळ्या गावाच्या माना भिमीच्या घराकडे वळल्या. भिमी कुरकुरली, पण गुरुजींना नाही कसं म्हणायचं? ती हंडा घेऊन आली. जाता जाता काकीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "पानी आनायला पानी लागतं, हे नवीनच."

काकीने धीर धरला. नारळ फोडायच्या आधी कलश लागतो, तसलं काहीतरी असेल.

गुरुजींनी हंडा टेबलावर ठेवला. पृथ्वीवरचं सगळं पाणी या हंड्यात आहे असं समजा, ते म्हणाले. हे बायांना समजायला सोपं गेलं, कारण उंबरशेतचं सगळं पाणी खरोखरच त्या हंड्यात होतं. मग त्यांनी खिशातून मिठाची पुडी काढली आणि हंड्यात रिकामी केली.

रांगेतून एक बारीक आवाज निघाला, जसा पाय काट्यावर पडल्यावर निघतो.

"जवळपास सगळं पाणी असं खारट. समुद्राचं," गुरुजी डावाने ढवळत म्हणाले. त्यांनी एक वाटी घेऊन दाखवली. गोडं पाणी म्हणे या वाटीएवढं, आणि त्यातलंही बरंचसं बर्फ होऊन बसलेलं. तुमच्या-आमच्या वाट्याला उरतात ते चार थेंब. भिमीला पृथ्वीचं काही पडलं नव्हतं. ती आपल्या हंड्याकडे असं बघत होती, की तसं मढ्याकडेही कुणी बघत नाही.

मग पोरं आली. पुठ्ठ्याचं पिवळं तोंड लावून अजय मधे उभा राहिला आणि ओरडला, "मी सूर्य. मी पानी वर नेतो." रंजनाने हातातली कळशी खाली ठेवली. दोन पोरींनी निळ्या साडीची लाट केली. वाफ झालेली पोरं बाकावर चढली, तिथे त्यांना थंडी वाजली, ती एकमेकांना चिकटली आणि कापसाचा ढग झाला. ढग चालत सह्याद्रीला गेला. सह्याद्री म्हणजे कपाट. कपाटावर ढग अडला आणि बुडाला भोकं पाडलेल्या डब्यातून पाऊस पडला, साधारण एका तांब्याचा. पाऊस नदीला मिळाला, नदी निळ्या साडीला मिळाली.

"असं पाणी चाकासारखं फिरत राहतं," गुरुजी म्हणाले, "नवीन येत नाही, जुनं संपत नाही. म्हणून याला म्हणतात जलचक्र."

टाळ्या वाजल्या नाहीत. ठमीकाकी ते शब्द ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांपुढे फळ्यावरची अक्षरं एकेक करून खाली पडत होती. चक्र. चक्कर नव्हे, चाक. तिने रांगेकडे पाहिलं. रिकामे हंडे तोंड वासून तिच्याकडेच बघत होते. गोधड्या धुतलेली मालू, न्हालेला धर्मा, धुतलेल्या खुंटाला बांधलेली धुतलेली म्हैस. विहीर कोरडी, जगदीश येणार नाही, आणि उद्या दारात नळाच्या गावचे पाहुणे. रेश्मा रांगेच्या कडेला उभी होती. न्हाऊन तिचे केस अजून मऊ दिसत होते. पिंपातल्या शेवटच्या पाण्याचे केस.

"मंग, ठमे," भिमी सावकाश म्हणाली, "पाइप कुठं हाय?"

आता सगळेच बघत होते. गुरुजींच्याही डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. हंड्यांकडे, फळ्याकडे आणि काकीकडे पाहून त्यांचा चेहरा कपाटासारखा राखाडी झाला. ते काही बोलणार, तेवढ्यात काकीनेच हात वर केला. तिने ठरवलं. आयुष्यभर ताठ मानेने वाचलं, आता तितक्याच ताठ मानेने सांगायचं. घसा कोरडा होता, पण तो सगळ्या गावाचाच होता. ती पिंपाला धरून उभी राहिली.

"बायांनो," ती म्हणाली.

आणि फाटकाबाहेर हॉर्न वाजला. लांबलचक, रागीट हॉर्न. धुळीच्या लोटातून जगदीशचा टँकर आला आणि पटांगणात घुसून झेंड्याच्या खांबापाशी थांबला. टँकर भरलेला होता. झाकणावरून पाणी हिंदकळत होतं.

काकीचं वाक्य अर्धं होतं, ते तिने पुरं केलं.

"बायांनो, लायनीत ऱ्हावा. घाई करू नका."

त्याचं असं झालं होतं. जगदीश रागाने घरी बसला होता खरा, पण तो मुरबाडचा सूर्या त्याला बसू देईना. सकाळी त्याला वाटलं, एकदा त्याला समोरासमोर बघावंच. टँकर कुठला, ड्रायव्हर कोण, आणि कुणाच्या सांगण्यावरून आला. पण रिकामा टँकर घेऊन भांडायला गेलं तर गाव कुणाच्या बाजूने उभं राहील? म्हणून तो आधी टँकर काठोकाठ भरून घेऊन आला.

तो खाली उतरला, बाह्या सारल्या आणि थेट गुरुजींपुढे उभा राहिला. "गुरुजी, खरं सांगा. इथं पानी कोन आनतो?"

गुरुजी अजून धड्यातून पुरते बाहेर आले नव्हते. "सूर्य," ते म्हणाले.

"तोच. आनतो कुठून?"

"समुद्रातून."

जगदीश चाट पडला. एवढ्या लांबून? "आनि परवडतं त्याला?"

"तो काही घेत नाही," गुरुजी म्हणाले.

जगदीशने सारलेल्या बाह्या खाली केल्या. फुकट आणणाऱ्याशी माणूस लढणार कसा? त्याने आवाज खाली आणला. "आला होता काय आज?"

गुरुजींनी अजयकडे बघितलं, मग वर बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस आकाशाबद्दल बोलत नाहीये. ते खुलासा करणारच होते. पण ठमीकाकी मधे आली. तिने जगदीशच्या हातातून पाइप घेतला आणि आपल्या पिंपात सोडला.

"आला होता रे," ती म्हणाली. "बगून गेला. आमी बोललो, आमचा जगदीश हाय. आमाला दुसऱ्याची चक्कर नको."

जगदीशला एकदम भरून आलं. त्याने पाण्याचा जोर वाढवला. त्या दिवशी उंबरशेतला विहिरीत वाकावं लागलं नाही. हंडे, कळशा, डबे आणि तो पाळणा, सगळं सरळ पाइपाने भरलं. मालू म्हणाली, काकीने वाचलं ते अक्षरन् अक्षर खरं झालं. धर्मा म्हणाला, मला तर आधीच ठाऊक होतं. भिमी टेबलावरचा आपला हंडा उचलून घरी गेली. तिच्या घरात आता एक भरलेला हंडा होता आणि त्यात समुद्र.

गर्दी पांगल्यावर गुरुजी फळ्यापाशी गेले आणि पुसायला डस्टर उचललं. काकी पिंपाजवळ उभी होती.

"काकी," ते हळूच म्हणाले, "मी जलचक्र लिहिलं होतं."

"मग मी काय येगलं वाचलं?" काकी म्हणाली. "तुमी बरोबर लिवलं, मी बरोबर वाचलं. पुसू नका, ऱ्हावू द्या पावसापर्यंत."

गुरुजींनी डस्टर खाली ठेवलं.

रविवारची हळद दणक्यात झाली. नळाच्या गावचे पाहुणे हात धुऊन धुऊन थकले. वाढणाऱ्या बाया सांगतात, भाताला अशी चव कधीच आली नव्हती. अर्थात त्यात काकीचं कौशल्य नव्हतं. आदल्या रात्री ती भिमीच्या दारात गेली, भिमीला हळदीची पहिली वाटी देऊन आली आणि खारा हंडा काखेत मारून घेऊन आली. मोठ्या पातेल्यात निवळ पाण्याबरोबर गुरुजींचा समुद्र शिजला, आणि पाहुण्यांनी तो आवडीने परत मागून घेतला.

तेव्हापासून जगदीश दिवसाआड येतो तो वेळेच्या आधीच येतो. विहिरीत पाणी सोडताना डोळे बारीक करून मुरबाडच्या रस्त्याकडे बघतो. काठावर काकी दोर घेऊन उभी असते. तो मान न वळवता विचारतो, "काय काकी, तो सूर्या परत आला काय?"

काकी पदराने कपाळाचा घाम पुसते आणि वर बघते.

"येतो की रे," ती म्हणते. "रोज येतो. तुज्या आदी येतो."